लोरेन्सोचा ठोका

होड्या देवमाशामागे गेल्या की जहाज पिंपवाल्याच्या हाती, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी पिंपं बांधणारा लोरेन्सो धनी आणि मी स्वयंपाकी त्याची रयत. दोघंही ब्रावा बेटाचे, त्यामुळे भांडायला कसली अडचण नव्हती.

सकाळी तीन होड्या उतरल्या आणि असं धुकं पडलं की मला माझंच पातेलं दिसेना. दोन होड्या हाकांच्या अंदाजाने परतल्या. तिसरी आलीच नाही. तिच्यात कप्तान होता, आणि लोरेन्सोचा एकुलता एक मुलगा मार्तिन्यू.

जहाजाची घंटा तडकलेली, ताटावर चमचा आपटावा तशी वाजायची. लोरेन्सोने कुऱ्हाड घेतली, तेलाच्या भरल्या पिंपाचं तोंड फोडलं आणि पिंप समुद्रात उपडं केलं.

"अरे गाढवा, आमचा सगळ्यांचा घाम ओततोयस! कप्तान सालटी काढेल तुझी!" मी ओरडलो.

"काढायला आधी येऊ तर दे त्याला."

रिकामं पिंप कठड्याला बांधून तो ठोकायला लागला. दोन जड, एक हलका. पिंपाला कडं बसवतानाचा त्याचा नेहमीचा ठोका. बेटावर मार्तिन्यू पाळण्यात असताना याच ठोक्यावर झोपायचा.

"इतकी ठोकाठोक आपल्याकडे शवपेटीसाठीच होते," कुणीतरी पुटपुटलं. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. खरं तर माझ्याही मनात तेच आलं होतं, म्हणून जास्त चिडलो.

दिवस कलला आणि हातोड्याचा दांडा तुटला. लोरेन्सो रडत खाली धावला. नवा दांडा सापडेना, सापडला तर बसेना. शेवटी बसला. पुन्हा दोन जड, एक हलका.

दिवस मावळता होडी आली. कप्तानाने रिकामं पिंप पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मार्तिन्यू तळाशी निजला होता, अंगावर कप्तानाचा कोट.

"काका, शेपटीचा तडाखा छातीवर बसला त्याच्या," वल्हेकरी टोबियास म्हणाला. "धुक्यात आवाज चहूकडून यायचा, आम्ही आपापसात भांडत होतो. हा पडल्या पडल्या हात करायचा, 'बाबा तिकडे आहे.' त्या हातावर आम्ही वल्हवत आलो."

"कधी गेला?" लोरेन्सोने विचारलं.

टोबियास कप्तानाकडे बघायला लागला.

"बोल ना रे!"

"मध्ये ठोका थांबला ना, तेव्हा म्हणाला, 'बाबा दमला असेल, जरा थांबा.' आम्ही थांबलो. ठोका पुन्हा सुरू झाला, पण याचा हात काही उठला नाही. तोवर आम्ही जवळ आलो होतो, आवाज एकाच बाजूने यायला लागला होता."

लोरेन्सो होडीत उतरला. मार्तिन्यूचे ओले केस त्याने कपाळावरून मागे सारले.

"दमलो नव्हतो रे," तो म्हणाला. "दांडा तुटला होता."