हिरवी खूण

“कुणाला अडवायच्या आधी एकदा फोन लाव,” लॅपटॉप ताब्यात देताना रविना म्हणाली होती. “लॉगमध्ये दिसतो तो आकडा असतो गं. माणूस कधीकधी वेगळाच निघतो.”

समीक्षा तेव्हा आपल्या लेकीचं, शर्वीचं, नाक पुसत होती. “हो गं,” एवढंच ती म्हणाली. नोकरी सोडून जाणाऱ्यांना जाता जाता उपदेश फार सुचतात, असं तिच्या मनात येऊन गेलं.

आज ते वाक्य तिला आठवलंही नाही. गुरुवार होता, अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. खर्डीच्या घरात, खिडकीशी ठेवलेल्या टेबलाजवळ, दहा महिन्यांच्या शर्वीला एका हाताने कमरेवर धरून ती दुसऱ्या हाताने इंटरनेटवरचा एक पत्ता टाइप करत होती. चार आकडे, मध्ये तीन टिंबं. समोरच्या यादीचं नाव ‘ब्लॉक’ होतं. एंटर दाबण्याआधी तिने एकदा मागे वळून पाहिलं. सासूबाई, गिरजाबाई, दारात वाल सोलत बसल्या होत्या.

“आई, शर्वीला गुळाचं पाणी दिलं नाही ना?”

“नाय दिला गो. सकाळधरनं तिसऱ्यांदा इचारतेस.”

समीक्षाने एंटर दाबलं.

विचारण्याची तिला सवयच होती. शर्वीच्या औषधाच्या बाटलीवर ती पेनाने रेघ मारून ठेवायची आणि संध्याकाळी रेघ किती खाली गेली ते बघायची. शहापूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स करताना सरांनी शिकवलं होतं की बाहेरून आलेल्या कुठल्याही माहितीवर विश्वास ठेवायचा नसतो. बाकीच्या मुलींनी ते परीक्षेपुरतं पाठ केलं. समीक्षाने मनावर घेतलं.

समीक्षा घरून ज्या संस्थेचा डेटा सांभाळायची, तिचं काम तसं सरळ होतं. डोळखांबच्या वरच्या पाड्यांमध्ये लहान मुलांची दर आठवड्याला वजनं घ्यायची. ती घेणाऱ्या बायकांना ताई म्हणत. ताया आकडा मोबाइलमधल्या ॲपवर टाकत, तो क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये जाई. ओळीने तीन वेळा वजन घटलं की त्या मुलाचं नाव आपोआप एका यादीत येई आणि शहापूरहून गाडी निघे. आई आणि मूल दोघांना उपचाराला न्यायला. कुणाला विनवायचं नाही, कुणाची सही नाही. यादीत नाव आलं की गाडी हलली.

अडचण दर गुरुवारी यायची. संस्थेच्या प्रमुखांना, महिपत सरांना, बारा वाजता बैठकीसाठी सगळे अहवाल हवे असत, म्हणून समीक्षा अकराला ते बनवणारे सहा जॉब, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, एकदम सोडायची. डेटाबेसच्या दाराला मात्र मर्यादा होती, मिनिटाला तीनशे विनंत्या. त्याहून जास्त आल्या की दार लागायचं आणि स्क्रीनवर लाल ओळी उतरायच्या: चारशे एकोणतीस, टू मेनी रिक्वेस्ट्स.

आधी तिने स्वतःच्याच चुका शोधल्या. सहाचे तीन केले. मग एकामागून एक लावले. नकार मिळाला तर थोडं थांबून पुन्हा जायचं, आणि प्रत्येक वेळी थोडं जास्त थांबायचं, असं जॉबना शिकवलं. बुधवारी सगळं सुरळीत, शुक्रवारी सुरळीत. गुरुवारी अकरा ते बारा पुन्हा लाल. म्हणजे दारात तिच्याशिवाय आणखी कुणीतरी उभं होतं.

आणि ते कोण, ते तिने आज शोधून काढलं होतं. पाच तायांचे पाच फोन, पाच वेगवेगळ्या पाड्यांचे, पण सगळे एकाच पत्त्यावरून बोलत होते. नऊ मिनिटांत तेराशे विनंत्या. पाच पाडे, मध्ये डोंगर, आणि पाचही फोन एकाच जागी? तो पत्ता त्या पाचांतल्या पारूताईच्या सिमचा होता.

एकीनेच बसून पाचजणींचे आकडे भरायचे, हे उघड होतं. घरोघर जायला नको, काटा उचलायला नको. समीक्षाला राग आला, पण त्याहून जास्त समाधान वाटलं. संशय खरा ठरल्याचं.

त्या गुरुवारी अहवाल पावणेबाराला तयार झाले. एकही लाल ओळ नाही.

“वा, काय जादू केलीस?” सरांनी फोनवर विचारलं.

“एक गळती होती सर. बंद केली.”

तो धरून तीन गुरुवार असेच हिरवे गेले. चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, सरांचा पुन्हा फोन आला. पाच पाड्यांमधून नोंदी शून्य होत्या.

“या बाया जातच नाहीत वाटतं कामाला. पाचही जणींना कमी करू. तू तेवढा पुरावा काढून ठेव, जुन्या नोंदी खोट्या होत्या म्हणून. गुरुवारी बैठकीत ठेवतो.”

“सगळ्या नाहीत सर. एक पारूताई. बाकीच्यांचं तीच भरते.”

“मग तिचंच आधी काढ.”

शर्वी झोपली होती. समीक्षाने पारूताईच्या नोंदी उघडल्या. खोटं कसं ओळखायचं हे तिला ठाऊक होतं. खोटे आकडे गोल असतात, सहा, साडेसहा. खोटी मुलं दर आठवड्याला शहाण्यासारखी शंभर ग्रॅम वाढतात. ती खाली खाली सरकत गेली. ६.०५. ७.३५. ५.९०. गोल आकडे कुठेच नव्हते. ठीक आहे, हुशार असेल.

कुड्याचा पाडा. मैना सुदाम, आई सावळी, वय दहा महिने. ६.४०. पुढच्या आठवड्यात ६.२५. त्याच्या पुढच्या आठवड्यात ६.१०.

समीक्षाने तिन्ही आकडे पुन्हा एकदा वाचले.

घरात बसून आकडे भरणारी बाई मुलं वाढवते. घटवत नाही. घटवलं की प्रश्न येतात, गाडी येते, माणसं बघायला येतात. जिला काही लपवायचं आहे ती हे कशाला लिहील?

दोनदा घटलं होतं. तिसरी नोंद नव्हती. ती कोणत्या तारखेला यायला हवी होती ते तिने पाहिलं. ब्लॉक लावल्याचा तोच गुरुवार होता.

ती उठून पाळण्याशी गेली. झोपलेल्या शर्वीला उचलून तिने दोन्ही हातांवर तोललं. पोर कुरकुरली तरी बराच वेळ खाली ठेवलं नाही.

“झोपलेल्या पोरीला उचलतेस कशाला गो?” गिरजाबाई म्हणाल्या.

पारूताईचा फोन लागत नव्हता. बुधवारीही लागला नाही. गुरुवारी सकाळी शर्वीला सासूबाईंकडे देऊन, काय द्यायचं नाही ते एकदाही न सांगता, समीक्षा शहापूरला गेली आणि तिथून डोळखांबच्या एसटीत बसली. लॅपटॉप मांडीवर होता. ब्लॉक तिने अजून काढलेला नव्हता. आधी डोळ्यांनी बघायचं, असं तिने ठरवलं होतं. रविनाचं वाक्य आता मात्र पाठ सोडत नव्हतं.

डोळखांबच्या अलीकडे ज्या फाट्यावर बाजार भरतो, तिथे ती उतरली. सुकी मासळी, मडकी, वालाच्या शेंगा. चिंचेखाली गोणपाट अंथरून एक पन्नाशीची बाई बसली होती. तिच्यापुढे तेलाच्या दोन रिकाम्या बाटल्या, दांडी मोडलेला चष्मा, कुणाच्यातरी औषधाची चिठ्ठी आणि ओळीने मांडलेले पाच मोबाइल होते. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला.

“पारूताई?”

बाईने मान वर केली. “तुमी हापिसातल्या ना? आवाज आयकलाय फोनवर. बसा.” तिने गोणपाट झटकलं. “लेकरू घरी ठेवून आलीस वाटतं बाय. सारखी ओढणी पुढं ओढतेस.”

समीक्षा बसली. “हे पाच फोन…”

“आमच्या पाचजणींचे. वर रेंज कुठं हाय? बाजाराला एकीनं उतरायचं नि सगळ्यांचं आणायचं, ही आमची रीत. कोणाचं तेल, कोणाचा चष्मा. मंग फोन पण आणते टोपलीत. नेट माझ्याच फोनात, त्याच्यावर चौघींचे लावते.” ती हसली. “तो महादू मासळीवाला इचारतो, मोबाइलचं दुकान काढलंस का गो पारू?”

आठवडाभर पाच डोंगरांवर गोळा झालेली वजनं गुरुवारी अकरा वाजता या चिंचेखाली एकदम सुटत होती. समीक्षाने लाल दोऱ्याचा फोन उचलला.

“गेल्या तीन गुरुवारी नोंदी पाठवल्या तुम्ही?”

“मंग! हे बघ ना, हिरवी खूण. सगळ्यांवर हाय.” पारूताईने बोटाने एकेक नाव दाखवलं. “पयल्यांदा लाल फुली यायची, तवा आमी दाबत बसायचो. आता बरं केलंय कोणीतरी. दाबलं की हिरवी.”

ते समीक्षानेच केलं होतं. उन्हाळ्यात. फुली दिसली की ताया पुन्हापुन्हा बटण दाबतात आणि दारावरची गर्दी वाढते, म्हणून तिने नोंद पोचायची वाट न बघता खूण दाखवायला लावली होती. नोंद मागे फोनमध्येच साचून राही, दार उघडलं की जाई. दार उघडलंच नाही तर काय, याचा विचार तिने केला नव्हता.

“सावळीच्या मैनाचं वजन?” तिने विचारलं.

पारूताईचा चेहरा उतरला. “तेच म्हणते मी. तीनदा घटलं, चारदा घटलं, गाडी कशी नाय आली? सरांना बोलले फोनवर. ते म्हणले, नाव लिस्टीत येऊं दे, गाडी आपली आपण येते. मी सावळीला म्हटलं, थांब, खूण आलेय, येईल. दोन हप्ते थांबली बिचारी. रोज पोरीला काखेत घेऊन रस्त्यापतूर यायची.”

समीक्षाने लॅपटॉप उघडला होता. ब्लॉकच्या यादीतून तो पत्ता काढायला एक क्षण लागला. पाचही फोन एकदम बोलू लागले आणि लाल ओळी धडाधड उतरल्या. तिने अकराचे आपले सहाही जॉब थांबवले, सरांचे अहवाल तसेच सोडून दिले. मग चार फोन बंद करून एकेक चालू केला. आधी लाल दोरा, तो रिकामा झाल्यावर पिवळा. पर्समधला फोन दोनदा वाजला. महिपत सर. तिने उचलला नाही.

मैना सुदाम. ५.९५. ५.८०. ५.७०.

यादीत नाव आलं. काही मिनिटांतच गाडी निघाल्याचा संदेश स्क्रीनवर उमटला. कुड्याचा पाडा.

“निघाली,” समीक्षा म्हणाली. “गाडी निघाली ताई.”

“कोणाला न्यायला?” पारूताई म्हणाली. “घराला कडी हाय. सोमवारी मुकादम आला नि उचलून घेऊन गेला दोघा नवराबायकोला. वीटभट्टीवर. पोरगी संगतीच.”

“कुठल्या भट्टीवर?”

“मुरबाडच्या बाजूला म्हणत होते. कोण म्हणतो वैशाखऱ्याकडं. सुदामचा फोन लागत नाय.” तिने तेलाची बाटली उगाच इकडून तिकडे ठेवली. “मैनाच्या पायात काळा दोरा बांधलाय मी. बांधला तवा घट्ट होता, दोन बोटं जात नव्हती. आता घोट्याखाली उतरतो.”

पारूताईने लाल दोऱ्याचा फोन समीक्षाच्या हातातून हळूच काढून घेतला आणि त्यावरच्या हिरव्या खुणा पुन्हा एकदा बघितल्या. या वेळी बघणं वेगळं होतं. “बाय,” तिने विचारलं, “ही आता खरी हाय ना?”

“हो. आता खरी.”

परतीची एसटी येईपर्यंत समीक्षाने सरांना फोन केला. पुरावा तयार आहे म्हणाली, फक्त नाव वेगळं आहे, माझं. मग गाडीच्या चालकाला सांगितलं, पाड्यावर जाऊ नका, मुरबाडच्या रस्त्याला लागा, भट्ट्या बघत जा. मग फोनमध्ये होते नव्हते तेवढे ग्रुप तिने निवडले. कॉलेजचा, बचत गटाचा, खर्डीच्या रिक्षावाल्यांचा, लसीकरणाच्या आयांचा. लिहिलं, ‘तांत्रिक अडचणीमुळे’. ते शब्द खोडले. पुन्हा लिहायला घेतलं.

*हा निरोप ज्या कुणाला मिळेल त्याच्यासाठी. माझ्या चुकीमुळे एक आजारी बाळ उपचाराविना राहिलं आहे. नाव मैना, दहा महिन्यांची. आई सावळी, वडील सुदाम, कुड्याचा पाडा, डोळखांब. सोमवारपासून मुरबाड ते वैशाखरे या बाजूला कुठल्यातरी वीटभट्टीवर आहेत. बाळाच्या पायात काळा दोरा आहे, घोट्याखाली उतरलेला. खाली माझा नंबर आहे, कधीही लावा. तुमच्या वाटेत भट्टी असेल तर कृपा करून थांबा. बाळ बरं आहे का, असं नुसतं विचारून निघू नका, आई बरं आहे म्हणेल. बाळाला एकदा हातात उचलून बघा.*