प्रॅथरांच्या घरचं मेम्ब्रेन

वेंडेल प्रॅथरच्या घरचा आरओ मी वर्षात पाचव्यांदा उघडला, तेव्हा मला माझीच लाज वाटायला लागली होती. चांगलं मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा आतला पडदा, दोन-तीन वर्षं सहज जातं. वेंडेलकडे ते दोन महिन्यांत मान टाकायचं. आणि या खोऱ्यात पाण्याचे फिल्टर बसवायचं काम मी सव्वीस वर्षं करतोय.

ते पाणी पिण्यासाठी नव्हतं, माशांसाठी होतं. वेंडेल तांब्याच्या खाणीत मेकॅनिक होता. त्याची बायको इमोजीन ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर वाढलेली. लग्न होऊन ॲरिझोनात आली आणि समुद्राला मुकली. खाण बंद पडली त्या वर्षी वेंडेलनं बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेची टाकी बांधली, पाण्यात मीठ कालवून तिचा समुद्र केला, प्रवाळ लावले आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउन माशांची एक जोडी सोडली. त्याला एकोणीस वर्षं झाली. मासे अजून होते. इमोजीनचे मात्र दोन्ही खुबे गेले होते. वॉकर सरकवत ती टाकीसमोरच्या खुर्चीपर्यंत यायची आणि दिवस तिथंच काढायची.

आमच्या कोरड्या हवेत टाकीतलं पाणी रोज उडतं, मीठ तेवढं मागं राहतं. म्हणून भर घालायची ती निव्वळ शुद्ध पाण्याची. बोअरचं पाणी तसंच ओतलं तर प्रवाळ जगत नाहीत.

"आलास का डॉक्टर," इमोजीन म्हणाली. "पेशंट पुन्हा गेला बघ."

"मी हात लावला की जातोच."

"तसं नको म्हणूस. पण रॉइस, का मरतं रे ते? काहीतरी कारण असेलच ना."

वेंडेल स्वयंपाकघरात आमच्याकडे पाठ करून कॉफी करत होता.

मी सगळं करून चुकलो होतो. आधी क्लोरीनचा संशय घेतला, पण बोअरच्या पाण्यात क्लोरीन येणार कुठून? मग गाळाचा आणि कोळशाचा, दोन्ही फिल्टर बदलले. दाब कमी पडत असेल म्हणून छोटा पंप जोडला. काही उपयोग झाला नाही. या वेळी मी मेलेलं मेम्ब्रेन अंगणात नेलं आणि करवतीनं उभं चिरलं. आतले पापुद्रे उलगडले तर बोटाला खरखरीत लागलं. वर व्हिनेगर ओतलं, फसफसून फेस आला. क्षार. चुन्यासारखे घट्ट बसलेले.

इतके क्षार एरवी बसत नाहीत. आरओ एक बादली शुद्ध पाणी देतो तेव्हा तीन-चार बादल्या वाया जातात आणि क्षार त्यांच्याबरोबर निघून जातात. वाया जाणाऱ्या पाण्याची नळी मी दर वेळी यंत्रापाशी काढून धार मोजायचो. धार बरोबर असायची. नळी पुढे कुठं जाते, ते मात्र कधी पाहिलं नव्हतं.

ती भिंतीतून बाहेर पडून घरामागच्या मेस्कीटच्या झाडापर्यंत जात होती. तिथं दगडाआड कुणीतरी सुताराचा शिकंजा लावून ती करकचून आवळली होती. टोकाशी पाणी थेंब थेंब गळत होतं.

पाठीमागे पावलं वाजली. वेंडेल येऊन उभा राहिला होता.

"हे तू केलंस?" मी विचारलं.

"हो."

"वर्षभर मी तुझ्या घरी डोकं आपटतोय, वेंडेल."

"माहीत आहे मला. रागाव हवं तर."

"पण का?"

त्यानं रस्त्यापलीकडे मान वळवली. तिथं चार वर्षांपूर्वी पिस्त्याची बाग आली. नजर पोचत नाही तिथवर झाडं, आणि त्यांच्या बोअर दीड हजार फुटांच्या.

"माझी तीनशे दहा," तो म्हणाला. "घर बांधलं तेव्हा पाणी एकशे ऐंशीवर होतं. काल दोरी सोडली तर दोनशे शहाण्णव. पंप तीनशेवर आहे. माशांच्या एका बादलीपायी चार बादल्या मातीत जायच्या. बघवेना मला."

"बोअर खोल करून घे."

"बोअर पाडणाऱ्याला विचारलं. दोन वर्षं नंबर लागत नाही. आणि तोच माणूस म्हणाला, तू शंभर फूट खाली जाशील, ते बागवाले दोनशे जातील."

"इमोजीनला ठाऊक आहे?"

"नाही. कळलं तर म्हणेल, टाकी बंद कर. मग दिवसभर बघणार कुठं? भिंतीकडे?"

मागच्या दाराची जाळी करकरली. इमोजीन वॉकर धरून उंबऱ्यात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"रॉइस, तूच सांग," ती म्हणाली. "याला खोटं बोलता येत नाही, नुसतं गप्प बसता येतं. किती पाणी राहिलंय?"

"पंपाच्या वर चार फूट."

ती वेंडेलकडे बघत राहिली. आवाज चढला नाही.

"आणि मी आठवड्यातून दोनदा टब भरून आंघोळ करत होते."

"तुझ्या खुब्यांना आराम पडायचा."

"मला विचारलं असतंस तर मी ओल्या फडक्यानं अंग पुसलं असतं. वर्षभर आधीपासून. तू मला पाहुणीसारखं ठेवलंस, वेंडेल."

मी खाली वाकून शिकंजा सोडवत बसलो, तेवढंच करण्यासारखं होतं.

नवं मेम्ब्रेन बसवलं. ते उत्तम चाललं, अकरा दिवस. बाराव्या दिवशी पंपानं वाळू ओढली आणि तो जळाला. वेंडेलनं दोरी सोडली तर ती कोरडीच वर आली.

मग तो चौतीस मैलांवरच्या गावातून पिंपं भरून आणू लागला. त्र्याहत्तराव्या वर्षी, एकटाच. आणलेलं पाणी पिण्यात, रांधण्यात, संडासात संपायचं. आरओला द्यायला उरायचं नाही. टाकीतलं पाणी उतरत गेलं, मीठ वाढत गेलं. प्रवाळ कडेनं पांढरे पडायला लागले. एका सकाळी इमोजीननंच मला फोन केला.

"मासे जिवंत आहेत तोवर त्यांना कुणाकडे तरी दे," ती म्हणाली. "मला ते मरताना बघायचे नाहीत."

ट्यूसनमधल्या माशांच्या एका दुकानानं तयारी दाखवली. वेंडेल बर्फाच्या पेटीत टाकीतलं पाणी आणि मासे घेऊन, ती मांडीवर धरून माझ्या ट्रकमध्ये बसला. अर्ध्या वाटेत त्यानं झाकण उचलून पाहिलं आणि परत लावलं. नर मरून उलटा तरंगत होता. दुकानदारानं मादीला वेगळ्या काचेत सोडलं. ती कोपऱ्यात जाऊन थांबली.

"म्हातारी आहे, पण तब्येत ठीक आहे," दुकानदार म्हणाला. "जोडीला दुसरा सोडून बघू."

"बघा," वेंडेल म्हणाला.

परतीच्या वाटेवर तो फक्त एकदा बोलला, "मी सांगणार आहे तिला." घरात शिरल्या शिरल्या, डोक्यावरची टोपीही न काढता, त्यानं सांगितलं. इमोजीननं ऐकून घेतलं. त्याचा हात धरला नाही, झिडकारलाही नाही.

घर विकायला काढलं, पण गिऱ्हाईक आलं नाही. पाणी नसलेलं घर कोण घेतं? ऑक्टोबरात दोघं कुलूप लावून फिनिक्सला गेली, मुलीच्या, मार्लाच्या फ्लॅटमध्ये. टाकी न्यायची म्हटली तर भिंत फोडावी लागली असती. ती तिथंच राहिली.

डिसेंबरात वेंडेलचा फोन आला. तब्येतीचं, हवेचं बोलून झालं.

"इथं नळाला चोवीस तास पाणी आहे," तो म्हणाला. "मी तिला म्हटलं, एक लहानशी टाकी आणू. खिडकीत मावेल अशी."

"मग?"

"म्हणाली, कशाला."

मग मार्लानं त्याला जेवायला हाक मारली.