येते म्हणून जायचं

माझ्या लेकीचा उजवा हात काही आठवड्यांपूर्वी बघितला असतात तर तुम्हाला मीच कैदाशीण वाटले असते. मनगटापाशी दातांचे जुने वण, त्यावर नवे दात, वरून हळद लावलेली. विशाखा सात वर्षांची आहे. जन्मापासून तिला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. रोज सकाळी साडेआठला मी कामाला निघाले की ती स्वतःचा हात चावायची, पार रक्त निघेपर्यंत.

दुसऱ्याच्या लेकराचा हात म्हणजे नुसता हात असतो. माझ्या लेकीशी जे काय बोलायचं ते हातावरच. तळहातावर बोटं फिरवून सांगायचं, दुसरी जागाच नाही. आणि महिनाभर ती हात द्यायचीच बंद झाली होती. धरायला गेलं की मूठ आवळायची नि काखेत खुपसायची. "हात द्यायची थांबली तर आपण तिच्याशी बोलायचं कुठं, ताई?" अश्विनीबेन म्हणाली. मला काय कळत नव्हतं का?

अश्विनीबेन शिकवायला येते, पंधरा दिवसांतून एकदा, आमच्या खोलीवर, सुरतेजवळच्या सचिन गावात. माझ्यापेक्षा लहानच आहे. मूळची नंदुरबारकडची, पण सुरतेत वाढली, त्यामुळे अर्ध्या वाक्यानंतर गुजराती सुरू. हातावरचं बोलणं तिनंच शिकवलं. तळहात दोनदा दाबला की बस. तळहातावरून बोटं मनगटाकडे ओढली की ये. असे दोन वर्षांत चार शब्द झाले: ये, बस, पाणी, जेवण. विशाखाला चारही कळतात, पण स्वतःहून तिनं एकही कधी काढला नव्हता. बेन म्हणायची, तुम्ही बोलत राहा, एक दिवस बोलेल. आम्ही बोलत राहिलो. भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं, तरी बोललो.

घरात माझा नवरा प्रमोद आणि सासू काशीबाई. सासूला मी आत्याबाई म्हणते. प्रमोद डाईंग मिलमध्ये आहे, आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रात्रपाळी. मी सहा महिन्यांपासून एम्ब्रॉयडरीच्या खात्यात साड्यांचे लोंबते धागे कापते. इथं कारखान्याला खातंच म्हणतात. मी गेले नाही तर घर भागत नाही, आणि खरं सांगू? गेले नाही तर मला वेड लागेल. तिथं आठ तास कुणी माझा पदर ओढत नाही. बोलून टाकलं, आता म्हणा काय म्हणायचं ते.

शेवटी मीच बेनला म्हटलं, एक दिवस सकाळीच या आणि डोळ्यांनी बघा. आली बिचारी सव्वाआठला.

मी विशाखाजवळ बसले. तिची बोटं माझ्या बांगड्यांवर ठेवली. त्यावरून तिला कळतं, ही आई. कसाबसा तिचा हात काखेतून सोडवला आणि तळहातावरून बोटं ओढली. ती लगेच उठली. हात पुढं करून उभी राहिली. मी तिला आत्याबाईंच्या मांडीवर बसवलं आणि चप्पल घालायला वळले. झालं सुरू. मान गदागदा हलवणं, किंचाळणं आणि हातावर दात.

"थांबा थांबा," बेन म्हणाली. "तुम्ही तिला आत्ता काय म्हणालात?"

"येते म्हणाले."

"नाही. ये म्हणालात."

"अवो, येते! कामाला निघताना येतेच म्हणतात ना माणसं? जाते म्हणतात का कुणी?"

"जाते म्हणू नाही," आत्याबाई लेकराला आवळून धरत म्हणाल्या. आमच्या परभणीकडं घरातून निघताना कुणी जाते म्हटलं की त्या उंबऱ्यातून माघारी बोलावतात.

बेननं कपाळावर हात मारला. "अरे मारी मा! ताई, ये आणि येते हे तिला वेगळं कुठून कळणार? तुम्ही रोज तिला म्हणता, चल, माझ्यासोबत ये. ती उठते, हात देते. आणि तुम्ही तिला टाकून निघून जाता."

मी एका पायात चप्पल घालून उंबऱ्यातच बसले. सहा महिने. सहा महिने मी लेकराला बोलावलं आणि रोज फसवलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. बेनवरच धावून गेले, "दोन वर्षांत जाण्याचा शब्द नाही का शिकवायचा?" ती म्हणाली, "भूल मारी पण आहे, ताई. आमच्या घरी पण निघताना आवजो म्हणतात, म्हणजे या. माझ्या ध्यानातच नाही आलं."

मग तिनं नवा शब्द दिला. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत ओढत न्यायचं आणि हवेत सोडून द्यायचं: जाते. आणि जाताना हातातली एक बांगडी विशाखाला द्यायची, संध्याकाळी येऊन परत घ्यायची, म्हणजे आई येणार आहे हे तिच्या हातात राहील. काच नको म्हणून मी एक प्लास्टिकची हिरवी घेतली.

आत्याबाई बिथरल्या. "बांगडी काढायलीस, वरून जाते म्हणायलीस! काय मांडलंय हे?"

"तुम्हाला तोंडानं येते म्हणते, तिला हातानं जाते म्हणते," मी म्हटलं. "दोघींचंही ऐकते. झालं?"

पहिल्या दिवशी चावलीच. आठवडाभर चावली. मला वाटलं, गेलं सगळं बोंबलत. मग एक दिवस तिनं तोंडापर्यंत नेलेला हात खाली घेतला आणि बांगडी चघळत बसली. हळूहळू खपली धरली. मूठ सैल पडली.

परवा मला उठवेनाच. अंग मोडून आलं होतं. चहाचा कप हातात घेऊन भिंतीला टेकले ती टेकलेच. साडेआठ वाजून गेले. आज नाही जात, मनात म्हटलं, मरू दे ते खातं.

विशाखा भिंत चाचपत आली. माझ्या बांगड्या शोधल्या, त्यातली प्लास्टिकची ओढून काढली आणि स्वतःच्या हातात घातली. मग माझी मूठ उघडली. माझ्या मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत तिनं बोटं ओढली आणि हवेत सोडली.

सात वर्षं मी तिच्या पहिल्या शब्दाची वाट बघितली. आई म्हणेल वाटलं होतं, निदान पाणी म्हणेल. म्हणाली काय, तर जा! हसू की रडू कळेना, दोन्ही एकदमच आलं. चहा सांडला तो वेगळाच.

"काय म्हणाली गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"जा म्हणाली."

आत्याबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "मग जा की. लेकरू सांगायलंय तर."

मी तोंड धुतलं आणि चप्पल घातली. विशाखाच्या तळहातावर सांगितलं, आणि मग तोंडानंही मोठ्यानं म्हणाले, "जाते." आत्याबाईंनी मला माघारी बोलावलं नाही.