बोया टाकायची जागा

शालिनी माझी नणंद. गोवा घटक राज्य झालं त्या सुमारास तिला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या कचेरीत नोकरी लागली आणि आमच्या केरीच्या घरात समुद्राचे नकाशे यायला लागले. समुद्र दारात आहे, त्याचा कागद कशाला, असं मी म्हणायची. अख्ख्या पेडण्यात मला तोंडाळ म्हणतात, म्हणू देत.

एका रविवारी तिनं असाच कागद ओसरीवर पसरला. खोल पाण्यात एक बोया टाकायचा होता. वर पिवळं पिंप, खाली तळाला नांगरलेला दोर, आणि त्याला वारा, पाण्याची ओढ आणि ऊब मोजणारी यंत्रं. मोजमाप आपोआप कचेरीत पोचणार होतं. जागा सुचवायचं काम शालिनीचं. तिला धास्ती एकच, जाळी अडकून दोर तुटेल. म्हणून होड्या कुठं जात नाहीत, ते तिनं भावालाच विचारलं.

"दादा, तुमी होडयेवाले खंय वचनात?"

दादा म्हणजे माझे यजमान, बाबली. तुम्हांला कळावं म्हणून नाव घेतलं. मासळीच मिळत नाही अशा जागी त्यांनी खुशीत बोट ठेवलं. "हांगा. हांगा नुस्तेंच ना. कोण मरपाक वतलो थंय?"

बोया तिथंच पडला. पण पिंपाला शेवाळ धरलं, शेवाळापाशी बारीक मासळी आली आणि तिच्यामागे गेदरसारखे मोठे मासे आले. शालिनीच्या कागदावर हे कुठलं दिसायला! आमचे हे नुसते बघायला म्हणून गेले आणि होडी भरून परत आले. ती जागा साऱ्या केरीत एकट्या ह्यांना ठाऊक, म्हणून जायचे तेही एकटेच. स्वतःच्या डोक्यावर माझा हात ठेवून माझ्याकडून शपथ घेतली, कोणाला सांगायचं नाही. मी मासे विकले आणि गप्प बसले.

नोव्हेंबरात एका दुपारी वारा फिरला. एकेक होडी परतली. ह्यांची नाही. "खंय गेला गो बाबली?" असं जो तो विचारी. शपथ मोडली तरी सांगणार काय? मला तर दिशाही माहीत नव्हती. जागा माहीत असलेलं दुसरं माणूस एकच होतं. मी धावत दुकानात गेले आणि शालिनीच्या कचेरीत फोन लावला.

"वहिनी, आमचो बोया कसलो भारी चल्ता!" शालिनी म्हणाली. "सकाळसून वारो वाडतच आसा, सगळें हांगा दिसता."

"शालिनीबाय, तुजो दादा थंयच आसा."

 तटरक्षकांना कळवायला तिनं कोणाला तरी पिटाळलं, आणि रडत रडत मला वाऱ्याचे आकडे सांगत राहिली. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण फोन ठेववत नव्हता. शेवटी ती म्हणाली, "वहिनी, बोया बंद पडलो."

मी तिथंच तांदळाच्या पोत्यावर बसले. अशी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हे आले, चक्क हसत. होडीच्या यंत्रात पाणी शिरलं, म्हणून होडी बोयाला बांधून राहिले होते. बोयाचा दोर तुटल्यावर त्याच्यासोबत वाहत गेले आणि वारा पडल्यावर यंत्र सुकवून परतले. मी त्यांना बोल बोल बोलले. त्यांनी पोटभर पेज खाल्ली.

नाताळ होऊन गेल्यावर शालिनी नवा कागद घेऊन आली. नवा बोया टाकायचा होता. या खेपेला तिनं भावाकडे बघितलंसुद्धा नाही. "वहिनी, तूच सांग. दादा पावचो ना अशी जागा."

मी कधी होडीत पाय ठेवलेला नाही. किनाऱ्यापासून बोट सरकवत नेलं, आणखी पुढं, जिथं कागद संपत आला तिथं ठेवलं. शालिनीनं पेन्सिलीनं खूण केली.

हे खांबाला टेकून बघत होते. उठले, खाली वाकले आणि केरीपासून त्या खुणेपर्यंत वीत घालून पाहिली. मग पुन्हा एकदा घातली.

"दोन कॅन तेल पुरतलें," ते म्हणाले.