अध्यक्षबाईंची सही

वल्लरीला एकच नोट हवी होती आणि ती पुकेकोहे गावच्या, जुन्या नोटा जमवणाऱ्या प्रसादकाकांकडे होती. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत गावोगावच्या नॅशनल बँका आपापल्या नावाच्या नोटा काढत. खाली बँकेच्या अध्यक्षांची सही असे. बहुतेक सह्या पुरुषांच्या. काकांच्या नोटेवर मात्र एका बाईंची होती, टाकाने शाईत केलेली.

वल्लरीकडे अशा दोन नोटा होत्या, एक करकरीत, एक मळकी. करकरीत नोट द्यायची आणि बाईंची घ्यायची, असं शनिवारचं ठरलं.

शुक्रवारी लक्ष्मीपूजन. पुण्याहून आलेल्या सुलभाआजींनी तबकात दागिने ठेवले, डॉलर ठेवले, आणि घरातली सगळ्यात जुनी लक्ष्मी म्हणून नातीची करकरीत नोटही. मग ओल्या बोटाने तबकातल्या सगळ्याला हळदकुंकू लावलं. वल्लरी आली तेव्हा लाल ठिपका कागदात मुरला होता.

आजी ओलं फडकं घेऊन धावल्या. वल्लरीने त्यांचा हात धरला. डागाळलेल्या नोटेपेक्षा धुतलेली नोट वाईट, हे तिला काकांनीच शिकवलं होतं.

"कुंकू लावलं की लक्ष्मीची किंमत उतरते? हे कुठलं शास्त्र?" आजी पुटपुटल्या.

शनिवारी रदबदली करायला त्याही गाडीत बसल्या. काकांपुढे करंज्यांचा डबा ठेवून त्यांनी सगळा दोष स्वतःकडे घेतला. काकांनी करंजी खाल्ली, हात धुऊन पुसले आणि भिंग वल्लरीकडे सरकवलं.

"मी नाही सांगणार. तूच बघ आणि सांग."

तिने नोट उजेडात धरली, उलटली, पुन्हा उलटली.

"पेपर अजून क्रिस्प आहे. कोपरे ओके. पण डाग मागपर्यंत गेलाय." ती थांबली. "हाफ व्हॅल्यू. मेबी लेस. हा फेअर स्वॅप नाही, काका."

काकांनी मान डोलावली. आजी काही बोलणार, तेवढ्यात वल्लरीने फोल्डरमधून मळकी नोट काढून पहिलीशेजारी ठेवली.

"दोन्ही घ्या."

"मग तुझ्याकडे काय उरलं?"

"ती," बाईंच्या नोटेकडे बोट दाखवत ती म्हणाली.

काकांनी मळकी नोटही तेवढ्याच सावकाश तपासली आणि आपली नोट प्लास्टिकच्या पाकिटासकट तिच्या हातात दिली.

आजींनाही बघायची होती. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वाकून पाहिलं.

"वळणदार आहे हो अक्षर बाईंचं," त्या म्हणाल्या.