हिल्पनच्या आधीचा तारा

इंग्रजी हेल्प. जर्मन हेल्फेन. डच हेल्पन. स्वीडिश येल्पा.

"गॅसवर दूध आहे, बघ जरा," आतून नवऱ्याचा आवाज.

बायबलमधली ओळ: जाळी फाटायला आली तेव्हा कोळ्यांनी दुसऱ्या होडीतल्या सोबत्यांना खूण केली: या, हात द्या.

कोशात शब्दाआधी तारा असला की समजायचं, हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. लेकरांच्या चेहऱ्यांवरून बापाचं चित्र काढावं, तसं अंदाजाने बांधलेलं आहे.

नोंदीखाली आद्याक्षरं. ज्याने नोंद लिहिली, त्याच्या नावाची.

व्युत्पत्तिकोश नवऱ्याचा. म्हणजे कार्यालयातली खुर्ची त्याची, टेबलफॅन त्याचा. घरी जेवणाच्या टेबलावर कार्डं लावायची बायको. 'मदत करणे' या अर्थाचं जुनं जर्मॅनिक क्रियापद, *हेल्पनं, सगळं तिने उभं केलेलं. लिथुआनियनमधलं एक चुलत क्रियापद नातं सांगत आलं. व्यंजन जुळेना, म्हणून 'संशयास्पद' लिहून तिने त्याला दारातच उभं केलं.

"या नोंदीखाली तुझी अक्षरं," तो म्हणाला होता. "एक तरी तुझी असू दे."

छपाईची मुद्रितं तपासायला घरी आली. खाली त्याचीच अक्षरं.

"अहो, हे काय?"

"अगं, कोशमंडळाने हरकत घेतली. तू पगारावर नाहीस ना."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? प्रस्तावनेत आभार मानलेत की. 'पत्नीची वेळोवेळी मदत झाली.'"

"वेळोवेळी?"

"बरं, 'अमोल' घालतो. आता एवढं नजरेखालून घाल. सकाळी छापखान्यात द्यायचंय."

तिने घातलं. दोन स्वल्पविराम सुटले होते. मग त्याच नोंदीत, जुन्या गॉथिक भाषेतलं हिल्पन. त्या शब्दाआधीही नवऱ्याने घाईत तारा ठोकलेला, जणू हेही अंदाजाचंच रूप. ते तर बायबलच्या गॉथिक भाषांतरात ढळढळीत लिहिलेलं आहे, त्या होडीच्या ओळीत. शिकाऊ माणूससुद्धा ही चूक करत नाही.

पेन्सिल ताऱ्यावर टेकली.

"झालं का?" आतून.

पेन्सिल उचलली.

"झालं."

"काही सापडलं?"

"दोन स्वल्पविराम."

"तुझ्यासारखी नजर नाही कुणाची."

कोश बाहेर पडल्यावर पहिल्या परीक्षणाची सुरुवातच त्या ताऱ्यापासून झाली. पुढच्या खंडाचं काम मंडळाने दुसऱ्याला दिलं.

"तुला दिसलं कसं नाही?" तो घरभर ओरडत फिरला.

"मी कुठे पगारावर आहे?"

दूध उतू जाऊन शेगडीवर करपत होतं. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

लग्नाआधी त्याला गॉथिक तिनेच शिकवलं होतं.