साहेबांची एकवीस हजार पावलं

साहेब रोज एकवीस हजार पावलं चालत होते, आणि तेही खुर्चीवरून न उठता. त्यांची गाडी थेट तळघरात यायची, तळघरातून लिफ्ट थेट चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्टपासून केबिनपर्यंत फार तर तीस पावलं. तरीही कंपनीच्या आरोग्य स्पर्धेत गेले चार महिने त्यांचंच नाव सगळ्यात वर होतं. यामागचं गुपित फक्त दोघांना ठाऊक होतं. एक साहेब, आणि दुसरी फरशी पुसणारी बाई, जिच्या डाव्या मनगटावर, बाहीच्या आत, साहेबांचा पट्टा बांधलेला असायचा.

तिला सगळे मावशी म्हणत. साहेब पंचावन्नचे, ती शेहेचाळीसची, तरी साहेबही मावशीच म्हणायचे. हातात फडकं आलं की बाईचं वय दहा वर्षांनी आपोआप वाढतं. चौथा ते सातवा असे चार मजले तिच्याकडे होते. लिफ्ट कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी, आणि सफाईची माणसं ठेकेदाराची, म्हणजे कर्मचारी नव्हेत. म्हणून दोन बादल्या, मॉप आणि फिनेलचा डबा घेऊन मावशी जिन्यानं वरखाली करायची. हा नियम कुणी केला, कधी केला, कुणालाच माहीत नव्हतं. पाळायला मात्र सगळे तत्पर.

पट्ट्याचं प्रकरण सुरू झालं ते असं. कंपनीनं आपल्या लोकांना मनगटावर बांधायचे पट्टे वाटले. तो पट्टा पावलं मोजायचा, चढलेले जिने मोजायचा, नाडी मोजायचा आणि सगळी खबर कंपनीच्या डॉक्टरीणबाईंच्या संगणकावर पाठवायचा. जो वर्षभर पहिला राहील त्याला विम्याचा हप्ता माफ, वर दोन आठवडे समुद्रकाठी मुक्काम. साहेब तीन दिवस हौसेनं चालले. चौथ्या दिवशी गुडघा धरला. पाचव्या दिवशी त्यांची नजर मॉप मारणाऱ्या मावशीकडे गेली आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मावशी, तुम्ही तसंही चालताच ना दिवसभर? मग हे घालून चाला."

तसंही! या एका शब्दानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण हरकत घ्यायला तिला काही सापडेना. चालत तर ती होतीच. शिवाय दरवर्षी कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं, हे मुकादम चौथ्या मजल्यावर विचारून ठरवायचा. तेव्हा सकाळी साडेसहाला साहेबांच्या खणातून पट्टा काढायचा आणि संध्याकाळी परत ठेवायचा, हे तिच्या कामात आणखी एक काम झालं.

मध्यंतरी तिला जिन्यात धाप लागायला लागली. एकदा तिनं साहेबांकडे भीत भीत विषय काढला, की बादल्या नेण्यापुरती लिफ्ट वापरायला मुकादमाला सांगाल का. साहेबांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू तिनं त्यांच्या घरात राहायला जागा मागितली.

"लिफ्ट? अहो मावशी, जिन्याला तर दुप्पट गुण आहेत."

यावर माणसानं काय बोलावं? ती बादल्या उचलून पाचव्या मजल्याकडे निघाली.

साहेब दुष्ट होते असं मात्र नव्हे. तसं असतं तर निदान मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या. ते हसून बोलायचे, खोलीत वाढदिवसाचा केक उरला तर बाजूला काढून ठेवायचे. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. पाचव्या मजल्यावरच्या साहेबांच्या घरी चालायचं यंत्र होतं, व्यायाम शिकवायला माणूस यायचा, आणि ते यादीत दुसरे होते. तेवढ्यानं आमच्या साहेबांच्या पोटात आम्लपित्त उसळायचं. दिवसातून दहा वेळा ते फोनवर यादी बघायचे, मग खणातली गोळी चघळायचे. आपण किती खातो यापेक्षा शेजारचा किती खातो, यावरच या इमारतीतल्या निम्म्या लोकांची पचनशक्ती अवलंबून होती.

आणि एक दिवस त्यांना सभागृहात भाषणाला उभं केलं. विषय, माझ्या आरोग्याचं रहस्य. मावशी मागच्या बाजूला कुणीतरी सांडलेला रस पुसत होती. साहेब म्हणाले की सगळं मनावर असतं. म्हणाले, चालायला एक छदाम लागत नाही, लोक उगाच कारणं सांगतात. गरीब असो की श्रीमंत, निसर्गानं पाय सगळ्यांना दोनच दिले आहेत. टाळ्या पडल्या. नेमका तेव्हाच तिचा दहा हजारांचा टप्पा पार झाला आणि पट्ट्यानं मनगटावर थरथरून साहेबांचं अभिनंदन केलं. तिला मॉप तिथंच टाकून निघून जावंसं वाटलं. पण रस चिकट असतो, लगेच पुसला नाही तर डाग राहतो.

धाप मात्र वाढत चालली होती. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधल्या वळणावर छातीत कुणीतरी दार वाजवून पळून जावं तसं व्हायचं. ती कठड्याला धरून उभी राहायची आणि मग पुन्हा चढायची. घरी विधवा नणंद होती, वयानं मोठी आणि जिभेनं त्याहून मोठी. ती रोज डोकं खायची की दाखवून ये, दाखवून ये. सांगायला काय जातं? मावशी एकदा सरकारी दवाखान्यात गेली होती. पहाटे रांगेत उभी राहिली, नंबर आला एकशे चाळीस, आणि खिडकी एकशे वीसवर बंद झाली. त्या दिवसाची मजुरी गेली ती गेलीच, वर मुकादमाची बोलणी. दुसऱ्यांदा गेली तेव्हा डॉक्टर भेटला. त्यानं मान वर न करता अर्ध्या मिनिटात निकाल दिला: ताण घेऊ नका आणि रोज थोडं चालत जा.

थोडं चालत जा! रडावं की हसावं, तिला कळेना. घरी येऊन तिनं नणंदेला सांगितलं, तर नणंदेनं नुसता कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतरच्या आठवड्यात, एका शुक्रवारी, सहाव्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंच्या खोलीची काच मावशी पुसत होती. डॉक्टरीणबाईंनी साहेबांना तातडीनं बोलावून घेतलं होतं. मावशीला बाहेर जा असं कुणी म्हटलं नाही. फडकंवाल्या बाईसमोर लोक काहीही बोलतात. खुर्ची ऐकते का कधी?

डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा साहेबांकडे वळवला. रोज सकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान तुमचे ठोके एकशे साठवर जातात, त्या म्हणाल्या, आणि मग मध्येच चुकतात. गेल्या महिन्यात अकरा वेळा झालंय. त्या वेळेला तुम्ही काय करता?

त्या वेळेला साहेब घोरत असतात, हे निदान साहेबांना तरी ठाऊक असायला हवं होतं. पण ते घाम पुसत म्हणाले, "चालतो."

मग डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. हे अंगावर काढण्यासारखं नाही. असं चालू राहिलं तर रक्ताची गुठळी होते, मेंदूत जाते, एखाद्या दिवशी माणसाची एक बाजू लुळी पडते. पण आत्ता सापडलंय ते बरं झालं. नीट तपासून रोज गोळी घेतली, दगदग कमी केली, तर माणूस ऐंशी वर्षं जगतो.

मावशीचा हात काचेवर तसाच राहिला. सात ते साडेसात. भरलेल्या दोन बादल्या, पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधलं वळण. अकरा वेळा झालं असेल, तिनं कधी मोजलं नव्हतं.

शेंबड्या पोरालाही कळलं असतं की पावलं ज्याची नाहीत त्याचे ठोके तरी कुठून असणार. साहेबांना कळलं नाही. चार महिने ती पावलं आपली म्हणता म्हणता त्यांना ती खरंच आपली वाटायला लागली होती. आता त्यांच्या छातीतही धडधडायला लागलं. शनिवार-रविवारी त्यांना बड्या इस्पितळात दाखल केलं. तीन तज्ज्ञ येऊन गेले. ज्या तपासण्यांसाठी दुसऱ्या कुणाला सहा महिन्यांनंतरची तारीख मिळाली असती, त्या रविवारच्या जेवणाआधी उरकल्या. सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा आजार असा लपून बसतो, आणि दोन दिवस छातीला लावून ठेवायचं एक छोटं यंत्र त्यांनी डबीत घालून साहेबांना दिलं.

मावशीचे ते दोन दिवस घरात येरझाऱ्या घालण्यात गेले. नणंद म्हणाली, जा आणि सरळ सांग त्या डॉक्टरीणबाईला. सांगणं सोपं होतं. पण तिसऱ्या मजल्यावर फरशी पुसणाऱ्या बाईनं पाठ धरल्याचं खरं सांगितलं होतं, तर आठ दिवसांत तिच्या जागी दुसरी आली. हलकं काम आमच्याकडे नसतं, असं मुकादम म्हणाला होता. म्हणजे आजार सांगावा तर पोट जातं आणि लपवावा तर जीव जातो. या व्यवस्थेपुढे मावशीनं हात टेकले होते. पण ऐंशी वर्षं हा आकडा काही तिच्या डोक्यातून जाईना.

सोमवारी नऊ वाजता ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि तिनं दार आतून लावून घेतलं. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं. टेबलावर फुलांचा गुच्छ होता, लवकर बरे व्हा अशी चार कार्डं होती, आणि ती डबी होती.

"साहेब, ते ठोके माझे आहेत."

 साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला, ते खुर्चीत मागे टेकले, आणि हसले. हसले! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अहो मावशी, म्हणजे मला काहीच झालेलं नाही!" त्यांनी बायकोला फोन लावायला घेतला, मग काय सांगायचं ते न सुचून ठेवून दिला. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, म्हणाले. देवासारख्या धावून आलात, म्हणाले. मावशी उभी होती. तिचं काय, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला.

पोचला तेव्हा त्यांनी चेहरा गंभीर केला. तुम्ही स्वतःला जपायला हवं, असं सांगितलं. पट्टा उद्यापासून खालच्या पहारेकऱ्याला देतो, तोही फेऱ्या मारतोच. तुम्ही जरा आराम करा. डॉक्टरीणबाईंना सांगितलं असतं हो, पण त्या ठेकेदाराची माणसं तपासत नाहीत, आणि मग हे कळलं कसं म्हणून विचारतील. तुम्हीच सांगा, मी काय उत्तर देऊ?

इतकी वर्षं ती या खोलीत मान खाली घालून वावरली होती, कारण फरशी खालीच असते. आता तिनं मान वर केली. राग तिला आलाच होता, पण आवाज चढला नाही. तिनं टेबलावरची डबी उचलली.

"हे यंत्र मी लावते. दोन दिवसांनी तुमचं म्हणून परत द्या. गोळ्या लिहून देतील त्या तुमच्या नावावर येतील, त्या मला द्यायच्या. दर महिन्याला. आणि मुकादमाला सांगायचं, मावशी लिफ्टनं जाईल."

साहेब म्हणाले, हे अशक्य आहे. म्हणाले, ही फसवणूक आहे. हा शब्द त्यांनी तिला ऐकवला, त्यांनी! मग विम्याचं काय, हृदयरोगी म्हटल्यावर हप्ता दुप्पट होईल. स्पर्धेतून नाव जाईल. पुढच्या वर्षीची बढती पाचव्या मजल्यावर जाईल. सगळे बिचारा म्हणून बघतील.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. चार महिने मी तुमच्या नावानं चालले, म्हणाली. नको असेल तर सहाव्या मजल्यावर जाऊन सांगते, की यादीतली पावलं कुणाची. माझं काम जाईल, तुमची अब्रू जाईल. मला दुसरीकडे फरशी मिळेल पुसायला.

साहेबांनी खणातली गोळी काढली, चघळली. अगदी रडकुंडीला येऊन ते म्हणाले, "म्हणजे काहीही झालेलं नसताना मी जन्मभर हृदयरोगी म्हणवून घ्यायचं?"

"तुम्हाला नुसतं म्हणवून घ्यायचंय, साहेब," मावशी म्हणाली.

साहेबांनी फुलांचा गुच्छ बाजूला सारला. मग त्यांनी फोन उचलला आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं, की होय, यंत्र आजच लावतो, आणि हो, आज सकाळीही छातीत तसंच झालं. कसं झालं ते तिकडून विचारलं असावं. कारण साहेबांनी फोनवर हात ठेवला आणि मावशीकडे पाहिलं. ती सांगत गेली आणि ते तिचा शब्द न् शब्द पुढे सांगत गेले.